अध्यक्षांची स्तुती, तीन आवाजांत

४ जुलै

प्रिय मुंगीस,

दवाखाना बंद केल्यावर दिवसभर काय करतेस, असं तू विचारलं होतंस. गाते. हसू नकोस. आयुष्यभर लोकांना "आ करा" म्हटलं, आता गाण्याचे मास्तर मला म्हणतात. पोस्टाच्या वरचा तो हॉल आठवतो ना, घडीच्या खुर्च्यांचा आणि ओल्या छत्र्यांच्या वासाचा? तुझे बाबा अध्यक्ष आहेत ती समूहगायनाची क्वायर अजून तिथेच भरते. मी आल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजात, दुसऱ्या रांगेत. पुढे वरच्या आवाजात, सोप्रानोत, बसणाऱ्या तिघींचे दात मीच बसवलेत. वरच्या सुराला त्यांनी तोंड उघडलं की माझा जीव टांगणीला लागतो.

गाणी सगळी इंग्रजी. चारशे वर्षांपूर्वीची, दोनशे वर्षांपूर्वीची, अगदी परवापरवाचीही. मला त्यांचं पाच रेघांचं नोटेशन वाचता येत नाही, म्हणून शब्द देवनागरीत लिहून घेते आणि सूर शेजारणीच्या तोंडून उचलते. जुन्या गाण्यांत जो तो प्रेमाने मरायला टेकलेला असतो आणि मरता मरता "फ ल ल ल" म्हणतो. शब्द संपले की फ ल ल. देवाच्या गाण्यांत एकदा आमेन सुरू झालं की दोन पानं उलटावी लागतात आणि चार आवाज तेच वाक्य वेगवेगळ्या वेळी म्हणतात, आपल्या घरी जेवताना सगळे बोलायचे तसं. मला खलाशांची, दोरखंड ओढायची गाणी सर्वांत प्रिय. त्यांत धाप लागली तरी ती गाण्यातलीच वाटते.

आता मुद्द्याचं. दादाने परवा अध्यक्ष म्हणून दाराशी नोटीस लावली. पासष्टीच्या पुढच्या आवाजांनी या हंगामापासून विश्रांती घ्यावी. का, तर शब्द स्पष्ट येत नाहीत, शेवटची अक्षरं गिळली जातात. पहिला बळी घड्याळजी. बाजाराच्या कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करतात ते. बेसमध्ये, पुरुषांच्या खालच्या आवाजात, त्यांच्या तोडीचा कोणी नाही. ते खाली उतरले की जमिनीच्या फळ्या पायाला कळतात. नोटीस त्यांनी वाचली. आपली खुर्ची घडी करून भिंतीला टेकवली, सगळ्यांना नमस्कार केला आणि जिना उतरून गेले. त्या दिवशी मास्तरांनी तीनदा सूर दिला, तरी गाणं काही उभं राहिलं नाही.

मी दादाला गाठून म्हटलं, "मला तर सगळे शब्द ऐकू येतात."

"तू त्यांच्या शेजारी असतेस. मी शेवटच्या बाकावर," म्हणाला.

त्याने सगळी नोकरी वजनमापे खात्यात काढली. त्याला वाटतं, आवाजही तागडीत घालता येतो. नोव्हेंबरात मलाही पासष्ट पुरी होतील. काहीतरी सुचव.

लोभ आहेच; आणखी वाढवायला जागा नाही.

तुझी आत्या


११ जुलै

ती. आत्यास,

नमस्कार, आणि वर एक टाळी, गाण्यासाठी.

बाबांना शेवटची अक्षरं ऐकू येत नाहीत, कारण ती त्यांच्या कानात शिरतच नाहीत. स, फ, त, क हे सगळे बारीक आवाज. वय झालं की कान आधी यांना सोडतो. सूर कळतो, शब्द पुसट होतो आणि माणसाला वाटतं, जग तोंडातल्या तोंडात बोलायला लागलंय. माझ्या कान तपासायच्या क्लिनिकमध्ये रोज असे चारपाच जण येतात आणि बायकोची तक्रार करतात.

बाबांनाही मी दोन वर्षांपूर्वी काचेच्या खोलीत बसवलं होतं. निकाल सांगितला, ऐकण्याचं यंत्र लावावं लागेल म्हटलं. ते शांतपणे म्हणाले, "तुझं हे मशीन प्रमाणित कोणी केलंय?" उठले आणि गेले. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे, हे तुला माहीत आहे. पहिलं पाऊल मी टाकणार नाही, हेही.

तेव्हा समोर बसून समजावण्याच्या फंदात पडू नकोस. मी पडले होते. दुसरी वाट शोध.

मुंगी


३० जुलै

प्रिय मुंगीस,

वाट सापडली! म्हातारपणी अशी चेकाळलेय की विचारू नकोस.

सप्टेंबरात आमचा मोठा कार्यक्रम आहे, चार शतकांची इंग्रजी गाणी. मास्तर म्हणाले, मध्यंतरानंतर लोक पेंगतात, तिथे एक "कॅच" टाकू. कॅच म्हणजे झेलच. एक गट ओळ म्हणतो, तो दुसऱ्या ओळीवर गेला की दुसरा गट पहिली ओळ झेलतो, मग तिसरा. सगळे गोल गोल फिरत राहतात. तीनशे वर्षांपूर्वी पुरुष मंडळी दारूच्या गुत्त्यात बसून हे गायची. मास्तरांचे कान लाल झाले तेव्हा मी खोदून विचारलं. तर म्हणे, प्रत्येक ओळ सुटी वाचली तर अगदी सोज्वळ. पण ओळींमध्ये मुद्दाम रिकाम्या जागा सोडलेल्या असतात. एका ओळीच्या खाचेत दुसरीचा शब्द पडतो आणि ऐकणाऱ्याला तिसरंच वाक्य ऐकू येतं. जे कागदावर कुठेच नसतं. पोलीस आला तर कागद दाखवायचा!

मुंगे, आपण दादाची स्तुती करणारा कॅच लिहायचा. ओळी तो स्वतः तपासून सही करील. आणि कार्यक्रमात त्यातून जे बाहेर पडेल ते त्याचं त्याला कळो न कळो, गावाला कळेल. तुझं इंग्रजी चांगलं आणि कान तर तुझा धंदाच. शब्द तू लिही. चाल घड्याळजी बसवतील. दुकानात जाऊन विचारलं तर डोळ्याला लावलेलं भिंग न काढता म्हणाले, "मला सध्या विश्रांतीच आहे."

तुझी (सध्या फार आनंदात असलेली) आत्या


९ ऑगस्ट

ती. आत्यास,

तू माझी मोठी आहेस की धाकटी, असा प्रश्न मला पडलाय. चार रात्री मी पेशंटच्या कागदांच्या पाठीवर यमकं जुळवतेय.

घे. पहिली ओळ: "अवर चेअरमन… सिंग हिज प्रेज!" म्हणजे आमचे अध्यक्ष, गा हो त्यांची स्तुती. "चेअरमन"नंतर मोकळी जागा ठेवायची.

दुसरी ओळ: "…कॅनॉट… विंटर टर्न टु स्प्रिंग?" म्हणजे हिवाळ्याचा वसंत होऊ शकत नाही का? हिची सुरुवात उशिरा. बरोबर पहिलीच्या मोकळ्या जागेत "कॅनॉट" पडलं पाहिजे.

तिसरी ओळ नुसती "फ ल ल ल".

आता दोन्ही एकत्र म्हणून बघ. एक गट गप्प असताना दुसरा जे बोलतो, ते कान आपोआप उचलतो आणि एका दोऱ्यात ओवतो. ऐकू काय येईल? "अवर चेअरमन कॅनॉट सिंग!" आमच्या अध्यक्षांना गाता येत नाही!

आणि हे खोटं थोडंच आहे? बाबा न्हाणीघरात गायला लागले की आई नळ सोडायची.

एकच सांभाळ. तालमीत तिन्ही गट एकत्र गाऊ देऊ नकोस, नाहीतर बिंग फुटेल. बाबांची काळजी नको. त्यांना "कॅनॉट" मधला क ऐकू येणार नाही आणि ट तर नाहीच नाही.

मुंगी


२५ ऑगस्ट

प्रिय मुंगीस,

एक बातमी चांगली आणि एक अवघड.

चांगली ही की चाल झकास झालीय. मास्तरांना मी सांगितलं, नवलाई टिकायला हवी, गट वेगवेगळे शिकवा. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "मी काही विचारलेलं नाही, लक्षात ठेवा." आता सोप्रानो हॉलमध्ये, आम्ही चहाच्या खोलीत आणि पुरुष जिन्यात शिकतात. सगळे तिन्ही ओळी पाठ करताहेत आणि बिचारे वसंताच्या ओळीला भारावून जाताहेत.

अवघड हे. दादाने कागद चार दिवस ठेवून घेतला. परत केला तेव्हा सही होती, पण फ ल ल खोडलेलं. "तिसरी ओळ वजनात कमी भरते," म्हणाला. आणि तिथे स्वतः एक ओळ लिहून दिलीय: "नॉर कॅन हिज सिस्टर… सायलेंट स्टे." म्हणजे त्यांची बहीणही गप्प राहू शकत नाही. स्तुती केल्यावाचून, असा अर्थ. पहिल्या ओळीत "सिंग"नंतरही त्याने एक लांब थांबा वाढवलाय. "शब्द हॉलमध्ये घुमू दे," म्हणाला.

मुंगे, बहिणीची ती ओळ मी तीनदा वाचली. लहानपणापासून मी त्याच्या मागे मागे, आणि त्याने कधी मला कशात मोजलं नाही. आता मोजलं तर नेमकं या गाण्यात! आपल्या पाठीत सुरा घालणाऱ्या बहिणीला तो मानाने शेजारी बसवतोय. काल त्याच्याकडे गेले होते. एकटाच टेबलाशी बसून तीच ओळ बोटांनी ताल धरून म्हणत होता. बेसूर. मला पाहून थांबला आणि म्हणाला, "बरी आहे ना ओळ?"

मी म्हटलं, "छान आहे."

थांबवू का हे सगळं? लगेच कळव.

आत्या


१ सप्टेंबर

ती. आत्यास,

अजिबात थांबवू नकोस.

तुला ओळीत घेतलं म्हणून विरघळलीस? घड्याळजींची ती भिंतीला टेकवलेली खुर्ची आठव. बाबांची ओळ मी वाचली. व्याकरण पक्कं आहे, नेहमीसारखंच. त्यापलीकडे मला तिच्यात काही दिसत नाही. आणि मान म्हणशील तर, दोन वर्षांत मला एक ओळही आली नाही त्यांच्याकडून. बेसूर सुद्धा नाही.

जे ठरलं ते ठरलं. काय झालं ते सविस्तर लिही.

मुंगी


२० सप्टेंबर

प्रिय मुंगीस,

बस. आधी पाणी पी, मग वाच.

हॉल गच्च भरला होता. मध्यंतरापर्यंत सगळं रीतसर. चारशे वर्षांपूर्वीचे प्रेमिक मेले, आमेन दोन पानं चाललं, खलाशांनी दोर ओढला. तुझे बाबा पहिल्या रांगेत, ताठ. त्यांच्या मागच्याच रांगेत घड्याळजी, तिकीट काढून आलेले.

मध्यंतरानंतर कॅच. सोप्रानोंनी पहिली ओळ म्हटली. लोक कौतुकाने दादाकडे बघताहेत. मग त्या दुसऱ्या ओळीवर गेल्या आणि आम्ही पहिली उचलली. पडलं बरोबर खाचेत: "अवर चेअरमन… कॅनॉट… सिंग!" मागून हसण्याची एक बारीक लकेर आली. मग दुसरी. सोप्रानोतल्या माझ्या तीन पेशंटनी एकमेकींकडे पाहिलं, त्यांचे डोळे हे एवढे झाले, पण तोंड थांबवणार कसं? गाणं चालूच! मी दादाकडे पाहिलं. चेहरा दगडी. मला वाटलं, नाहीच ऐकू आलं याला. वाईटही वाटलं आणि हायसंही.

मग तिसरा गट आला. पुरुषांनी पहिली ओळ उचलली, आमची दुसरी, सोप्रानोंची तिसरी. दादाने वाढवलेला तो लांब थांबा आठवतो? शब्द घुमण्यासाठीचा? सगळा हॉल चिडीचूप आणि त्या थांब्यात सोप्रानोंची, म्हणजे दादाची ओळ येऊन पडली:

"अवर चेअरमन… कॅनॉट… सिंग… नॉर कॅन हिज सिस्टर!"

अध्यक्षांना गाता येत नाही आणि त्यांच्या बहिणीलाही नाही!

"सायलेंट स्टे" कोणाला ऐकू येतंय? ते सगळ्यांच्या आवाजाखाली बुडालं. हॉल नुसता फुटला. लोक खुर्च्यांवर हात आपटत होते. आणि कॅच गोल फिरतो ना, मुंगे! पुढच्या फेरीत तीच ओळ आम्हा आल्टोंकडे आली आणि मी माझ्याच तोंडाने, माझ्याच बसवलेल्या दातांतून, खणखणीत म्हटलं की मला गाता येत नाही. दादाकडे पाहिलं तर हा माणूस रुमालात तोंड खुपसून गदगदा हलतोय. त्याला शेवटचं हसताना मी कधी पाहिलं होतं, मला आठवेना.

"वन्स मोअर!" लोक ओरडले. दोनदा गायलो. दुसऱ्यांदा मी जीव तोडून गायले, आता लपवायचं काय होतं?

मग तो स्टेजवर चढला. म्हणाला, "अध्यक्षाला गाता येत नाही हे आज तीन आवाजांत तपासून झालंय. मी सही करतो. ज्याला गाता येत नाही त्याने गाणाऱ्यांची वयं मोजू नयेत. नोटीस मी दारावरून काढलीय. घड्याळजी, तुमची जागा रिकामी आहे."

घड्याळजी उठले. आणि माझ्याकडे न बघता वर चढले. न बघता, मुंगे! तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. ही ओळ नेमकी त्या थांब्यात बसवली कोणी? चाल कोणाची होती?

दुकानात जाऊन जाब विचारणार आहे.

तुझी, तीन आवाजांत सिद्ध झालेली, आत्या


२१ सप्टेंबर

चि. मुंगीस,

आशीर्वाद. पत्र लिहिण्याचं कारण खालीलप्रमाणे.

दुसरी ओळ तुझी आहे, हे मी वाचताक्षणी ओळखलं. तुझ्या आत्याला ऋतूंमध्ये कधीच रस नव्हता. ओळ चांगली होती. तिसरी त्या तोडीची असावी म्हणून मला चार दिवस लागले.

जुलैअखेर हॉलमधल्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक येईना, ते बंद पडलंय असं वाटून मी ते उतरवलं आणि घड्याळजींकडे दुरुस्तीला नेलं. त्या गृहस्थांनी ते कानाशी धरलं, मग माझ्या कानाशी धरलं आणि म्हणाले, "अध्यक्ष, हे चालू आहे." बाकी काही बोलले नाहीत. बोलले असते तर मी भांडलो असतो. पुढच्या आठवड्यात मीच जाऊन बाहेरून न दिसणारी यंत्रं बसवून घेतली, दोन्ही कानांना. तुझ्याकडून नाही, कारण बसवताना तू एक शब्दही बोलली नसतीस आणि ते मला सहन झालं नसतं.

त्यानंतर शब्द सगळे येत होते. जिन्यातले, चहाच्या खोलीतले, सगळेच. तुझी आत्या कुजबुजते तेव्हा ती कुजबूज नसते. नियम चुकला हे कळलं, पण आपणच लावलेली नोटीस आपण कशी काढायची, हे कळत नव्हतं. तुम्ही दोघींनी सोय केलीत. चालीतली माझ्या ओळीची जागा घड्याळजींनी काढून दिली. त्यांनी दोन्ही पक्षांचं काम चोख केलं आणि दोन्हीकडे तोंड मिटून राहिले.

आता कामाचं. यंत्रातून टाळ्या ऐकल्या की पत्र्यावर खडी ओतल्यासारखं वाटतं. तसंच अपेक्षित आहे की यंत्रात दोष आहे, हे येथे कोणी धड सांगत नाही. तुझं मशीन प्रमाणित असेल तर तपासून हवं आहे. कोणत्या वारी येऊ ते कळव.

बाबा


८ ऑक्टोबर

ती. आत्यास,

घड्याळजींशी भांडण झालं का? झालं असेल तर मिटव, कारण ते परवा माझ्या क्लिनिकमध्ये येऊन गेले. बाबांबरोबर. बाबा म्हणाले, "साक्षीदार आणलाय."

दारात दोघं उभे. मी दोन वर्षं मनात जी भाषणं रचून ठेवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही. "आत या, चप्पल राहू दे," एवढंच म्हटलं. बाबांनी भिंतीवरचं माझ्या मशीनचं प्रमाणपत्र जवळ जाऊन पूर्ण वाचलं, तारखेसकट. मग म्हणाले, "ठीक आहे," आणि काचेच्या खोलीत जाऊन बसले. यंत्रं नीट होती, फक्त टोचून बसवली होती. मी सैल केली. त्यांच्या कानाला हात लावताना माझा हात गार होता, ते दचकले आणि म्हणाले, "तुझ्या आईचेही असायचे." मग मी हात चोळून दुसऱ्या कानाकडे वळले.

तपासणीत असं असतं की मी पडद्याआडून शब्द सांगते आणि माणसाने ऐकू आलेला शब्द परत म्हणायचा. बाबांनी एकही चुकवला नाही. पंधरावीस शब्दांनंतर त्यांना काय उत्साह आला कोण जाणे, ते शब्द गाऊन म्हणायला लागले. आत्या, काय सांगू! बाहेर बाकावर बसलेली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. एका आजोबांनी आपलं यंत्र काढून खिशात टाकलं. मी हसू आवरत कशीबशी पुढचे शब्द सांगत होते. खोलीचं दार थोडं उघडं राहिलंय, हे कोणाच्या ध्यानात नव्हतं.

घड्याळजी बाहेर शेवटच्या खुर्चीवर होते. ते शेजारच्या आजोबांकडे झुकले आणि अगदी हळू, ओठ जेमतेम हलवत म्हणाले, "खरंच जमत नाही हो त्यांना."

आतून बाबांचा आनंदाने फुटलेला आवाज आला, "ऐकू आलं मला!"

मुंगी